चाकं, सेन्सर आणि ड्राइव्ह शाफ्ट: सर्व्हिस सेंटर, टायरवाला की ओळखीचा मेकॅनिक?

गाडीला चार-पाच वर्षं झाली, वॉरंटी संपत आली आणि टायर बदलायला झाले, की हा प्रश्न पडतोच. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट हातात असतं, कोपऱ्यावरचा टायरवाला त्याहून कमी सांगतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "आधी आपल्या मेकॅनिकला दाखव." मी पुण्यात राहतो, गाव देवगडकडे. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट अशा वर्षाला चार-पाच खेपा होतात. गेल्या दोन गाड्यांमध्ये मी तिन्ही ठिकाणी काम करून घेतलं आहे. माझं मत असं बनलं की सगळी गाडी एकाच दारात नेऊ नये. चाक, टायरमधल्या हवेच्या दाबाचा सेन्सर आणि शाफ्ट (इंजिनचा जोर चाकांपर्यंत नेणारा दांडा) यांना वेगवेगळी हत्यारं लागतात आणि सरावाचे हातही वेगळे लागतात.

वॉरंटीची भीती आधी बाजूला करतो. बाहेर काम केलं की सगळी वॉरंटी गेली, असं सर्रास सांगितलं जातं. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला, तो सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही त्या आदेशात होतं. पुढे अपिलं झाली. व्यवहारात मी इतकंच पाळतो: वॉरंटी चालू असेपर्यंत शाफ्ट आणि गिअरबॉक्सला बाहेर हात लावू देत नाही. टायर, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं), अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कोन जुळवणं) मात्र खुशाल बाहेर करतो आणि बिल जपून ठेवतो.

चाकं

इथे चांगल्या टायरच्या दुकानाला माझं पहिलं मत. रोज तेच काम करणारा माणूस आणि रोज वापरातलं मशीन, दोन्ही तिथेच मिळतं. सर्व्हिस सेंटरलाही मशीन असतं, पण गर्दीच्या दिवशी चाकांना पुरेसा वेळ मिळेलच असं नाही. मेकॅनिककडे बहुधा मशीन नसतंच, तो गाडी शेजारच्या टायरवाल्याकडे पाठवतो.

दुकान निवडताना दोन गोष्टी बघा. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही रिपोर्ट छापून देतात का? आणि नट शेवटी कशाने आवळतात? नुसत्या गनने, म्हणजे मशीनच्या पान्याने, करकचून आवळलेले नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्याने सुटत नाहीत. घाटात पावसात उभं राहून ते सोडवायचा प्रयत्न मी केला आहे. टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायला सांगा. छोट्या गाड्यांना तो साधारण ८५ ते १३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासून घ्या.

टायरच्या दुकानाचा एक धोका मात्र मोठा आहे. "कॅम्बर आउट आहे, करून घ्या," असं सांगतात. कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, टो म्हणजे चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलं आहे ते. बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढे फक्त टो बदलता येतो, कॅम्बर बदलायची सोय कंपनीने दिलेलीच नसते. मग जॅक लावून भाग वाकवतात आणि स्क्रीनवरचा आकडा हिरवा करून दाखवतात. हे काम कधीही करू देऊ नका. कॅम्बर खरोखर बिघडला असेल तर लोअर आर्म, बुश किंवा स्ट्रट या चाक धरून ठेवणाऱ्या भागांपैकी काहीतरी वाकलं किंवा झिजलं आहे. ते शोधणं मेकॅनिकचं काम. अशा वेळी रिपोर्ट घेऊन सरळ त्याच्याकडे जा.

नायट्रोजनसाठी जास्त पैसे मोजायची गरज मला वाटत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरा दिवसांनी थंड टायरची हवा स्वतःच्या गेजने मोजणं त्याहून कितीतरी उपयोगाचं.

हवेच्या दाबाचे सेन्सर

आधी आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे ते ओळखा, कारण उत्तर त्यावरच बदलतं. डॅशबोर्डवर प्रत्येक चाकाचा आकडा वेगळा दिसत असेल तर चाकांच्या आत सेन्सर आहेत. आकडे दिसत नसतील, फक्त दिवा असेल आणि हवा भरल्यावर मेनूत जाऊन 'सेट' करावं लागत असेल, तर बहुधा गाडी एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून अंदाज बांधते. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित घटतो आणि ते इतरांपेक्षा जोरात फिरतं, त्यावरून तिला कळतं. या दुसऱ्या पद्धतीत चाकात काही बसवलेलंच नसतं, त्यामुळे टायर कुठेही बदला. फक्त हवा भरल्यावर रीसेट विसरू नका. चारही टायरांची हवा सारखीच हळूहळू उतरली, तर ही पद्धत चुकू शकते, हेही लक्षात असू द्या.

चाकातले सेन्सर असतील तर मात्र टायरवाला पारखून घ्यावा लागतो. सेन्सर व्हॉल्व्हला आतून जोडलेला असतो. मशीनवर टायर रिमपासून सुटा करताना दाब व्हॉल्व्हजवळ पडला, तर त्याचं प्लास्टिक तडकतं. माझा एक सेन्सर असाच गेला आणि दुकानदार म्हणाला, "आधीच खराब असेल." तेव्हापासून मी टायर काढण्याआधी चारही आकडे दिसणाऱ्या डॅशबोर्डचा फोटो काढतो, दुकानदाराच्या समोर. सेन्सर आहेत हे आधी सांगतो आणि काढताना जवळ उभा राहतो.

व्हॉल्व्हबद्दल कोकणातल्या वाचकांनी जास्त जागरूक राहावं. काही सेन्सरना रबरी व्हॉल्व्ह असतो, काहींना अ‍ॅल्युमिनियमचा. अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन (हवा अडवणारा आतला भाग) घातली, की खाऱ्या हवेत दोन धातूंमध्ये गंज धरतो, पिन आत अडकते आणि काढताना व्हॉल्व्हच तुटतो. निकेलचा मुलामा असलेलीच पिन लागते. धातूची टोपीही नको, प्लास्टिकची बरी. टायर बदलताना रबरी वॉशर, नट, पिन आणि टोपी यांचा छोटा किट मिळतो, तो बदलून घ्या. सर्व्हिस सेंटरला हा भाग सांगून मागवता येतो. टायरच्या दुकानात बऱ्याचदा "काही गरज नाही" असं ऐकायला मिळतं.

बॅटरी सेन्सरमध्ये बंदिस्त असते, ती वेगळी बदलता येत नाही. साधारण पाच ते दहा वर्षं टिकते. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला तर बहुतेक गाड्यांत तो यंत्रणेचा दोष, पहिल्यापासून स्थिर पेटला तर हवा कमी. डिसेंबरच्या सकाळी पेटून दुपारी विझला तर सेन्सरला दोष देऊ नका. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब सुमारे १ पीएसआयने (टायरच्या हवेचा दाब मोजायचं एकक) उतरतो. हवा भरा.

आता निर्णयाचं. सहा-सात वर्षांच्या गाडीचे टायर बदलत असाल आणि एक सेन्सर मेला असेल, तर चारही बदला. उरलेले तीन त्याच वयाचे आहेत आणि टायर आत्ता निघालेलेच आहेत, नंतर पुन्हा काढायची मजुरी वाचेल. गाडी तीन-चार वर्षांची असेल तर फक्त मेलेला बदला. नवीन सेन्सर गाडीला ओळखवून द्यावा लागतो. काही गाड्या थोडं चालवल्यावर आपोआप ओळखतात, काहींना उपकरण लागतं. ते टायरवाल्याकडे नसेल, तर हे एवढं काम सर्व्हिस सेंटरचंच. चाकांची अदलाबदल केल्यावरही हे पाहा. नाहीतर स्क्रीनवर पुढच्या डाव्या चाकाचा म्हणून दिसणारा आकडा मागच्या चाकाचा असू शकतो. एका चाकातून ३ पीएसआय काढून कोणता आकडा बदलतो ते बघितलं की लगेच कळतं.

गाडीत मुळात सेन्सर नसतील तर बाहेरून टोपीसारखे लावायचे की आतले? टोपीवाले स्वस्त, स्वतः लावता येतात आणि त्यांची बॅटरी बदलता येते. पण हवा भरताना दर वेळी काढावे लागतात, चोरीला जातात आणि रबरी व्हॉल्व्हवर भार देतात. समृद्धी महामार्गावर १२० च्या मर्यादेने तासन् तास जाणाऱ्या माणसाला मी आतलेच सुचवीन. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला टोपीवाले पुरतात, एक चांगलं गेजही पुरतं. दिव्यावर विसंबून राहायचं नाही याचं कारणही सांगतो: अमेरिकेच्या नियमात हवा २५ टक्के उतरल्यावर इशारा द्यावा लागतो. म्हणजे ३३ पीएसआयचा टायर २५ च्या आसपास येईपर्यंत गाडी गप्प राहू शकते.

ड्राइव्ह शाफ्ट

इथे मात्र माझा कौल लिफ्ट असलेल्या, जाणत्या मेकॅनिकला. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत दोन्ही बाजूंना शाफ्ट असतात, त्यांच्या टोकांना जॉइंट आणि जॉइंटवर रबरी बूट. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं आणि चिखल आत जातो. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस फासलेलं दिसलं, की त्याच आठवड्यात दाखवा. बूट काही शेकड्यांत येतो, अख्खा शाफ्ट काही हजारांत.

सर्व्हिस सेंटरचा कल पूर्ण शाफ्ट बदलण्याकडे असतो, असा माझा अनुभव. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, नव्या भागाची हमी देता येते. मेकॅनिक मात्र बूट उघडून ग्रीस दोन बोटांत चोळून बघतो. कचकच लागली नाही आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना टकटक आवाज येत नसेल, तर जॉइंट धुऊन नवं ग्रीस आणि नवा बूट पुरेसा आहे. टकटक सुरू झाली असेल तर बाहेरचा जॉइंट झिजला. वेग घेताना गाडी थरथरत असेल तर आतला जॉइंट तपासावा. अशा वेळी बूटवर पैसे घालू नका. शाफ्ट न काढता बसवायचा, मुद्दाम चिरून दिलेला आणि चिकटवायचा बूटही घेऊ नका, आमच्या गावच्या रस्त्यावर तो एक पावसाळा टिकला नाही.

मेकॅनिकला दोन प्रश्न विचारा: हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) मोठा नट नवा टाकणार ना? टॉर्क रेंच आहे ना? तो नट ढिला राहिला तर व्हील बेअरिंग जातं. बेअरिंगचा घुंघुं आवाज टायरच्या आवाजासारखाच असतो. डावीकडचं बेअरिंग गेलं असेल तर उजव्या वळणावर आवाज बहुधा वाढतो, कारण तेव्हा भार डाव्या चाकावर येतो. हे न बघता टायर बदलून आलेले लोक मला भेटले आहेत.

बोलेरो किंवा इनोव्हा क्रिस्टासारखी मागची चाकं ढकलणारी गाडी असेल तर गोष्ट सोपी आहे. रिव्हर्समधून पहिल्या गिअरला येताना खालून 'कट्' आवाज येत असेल, तर प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे टोकाचा सांधा, बघायला सांगा. हे काम जुन्या मेकॅनिकच्या हातचं. शाफ्ट काढण्याआधी त्याने दोन्ही टोकांना खडूने खूण केली, तर तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात. खूण न करता उलटा बसवलेला शाफ्ट सत्तर-ऐंशीच्या वेगाला थरथरू शकतो, आणि मग लोक बॅलन्सिंगसाठी पुन्हा टायरवाल्याकडे जातात.