डूला व्हायचंय, पण शिकायचं कुठे?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेली आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मंडळातली एक मुलगी. न्यूअर्कमधल्या एका दवाखान्यात काम करते. वाण हातात पडायच्या आत म्हणाली, "ताई, मला डूला व्हायचंय. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गरोदर बायका ब्लॅक आहेत. कुठला कोर्स करू?" फोनवर चार कोर्स उघडलेले, चारही पानांवर हसरं बाळ. मी स्वतः आधी एक छोटा कोर्स केला आणि मग बऱ्याच गोष्टी बाहेरून शिकले. तिला जे सांगितलं ते इथे लिहिते, कारण हा प्रश्न विचारणारी ती पहिली नव्हे.

आधी एक गैरसमज दूर करू. डूला म्हणजे सुईण नव्हे. ती आतून तपासत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, नाळ कापत नाही. ती बाळंत होणाऱ्या बाईची सोबत करते: कळांच्या आधी, कळांमध्ये आणि नंतर काही आठवडे. शब्द ग्रीक आहे, मूळ अर्थ दासी. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय बायकांना तो शब्द खटकतो आणि का खटकतो हे वेगळं सांगायला नको. डूला म्हणून काम करायला अमेरिकेत परवाना लागत नाही. त्यामुळे प्रमाणपत्राला जेवढी किंमत गिऱ्हाईक किंवा सरकार देईल तेवढीच.

मग ब्लॅक कुटुंबांसाठी वेगळं शिक्षण कशाला? २०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे ५०.३ मृत्यू झाले, गोऱ्या मातांचे १४.५. पैसा आणि शिक्षण असलं तरी ही दरी बुजत नाही. सेरेना विल्यम्सचं २०१७ मधलं बाळंतपण आठवा. सिझेरियननंतर दम लागला तेव्हा तिला गुठळ्यांचा जुना अनुभव होता, म्हणून तिने स्वतःच सीटी स्कॅन आणि रक्त पातळ करायचं औषध मागितलं. नर्सला वाटलं, औषधांच्या गुंगीत बोलतेय. शेवटी स्कॅन झाला तेव्हा फुप्फुसात गुठळ्या निघाल्या. तेव्हा कोर्स निवडताना मी एकच गोष्ट आधी बघते: बाई काहीतरी सांगतेय आणि कुणी ऐकत नाही, त्या क्षणी काय करायचं हे तिथे शिकवतात का?

पहिला मार्ग मोठ्या राष्ट्रीय संस्थांचा. त्यातली सर्वांत ओळखीची डोना इंटरनॅशनल, १९९२ ची. किमान १६ तासांची कार्यशाळा, म्हणजे शनिवार-रविवार. मग प्रमाणपत्रासाठी वाचन, स्तनपानाचं शिक्षण आणि तीन बाळंतपणांना हजेरी. ही तीन बाळंतपणं तुमची तुम्ही मिळवायची आणि बहुतेकींचं घोडं तिथेच अडतं. कार्यशाळेत जे शिकवतात ते पक्कं असतं. कळ आली की दोन्ही तळहातांनी कंबरेची हाडं बाजूंनी आत कशी दाबायची, हे मी तिथेच शिकले आणि तो दाब आजही रोज कामाला येतो. सोबतीचा फायदा होतो हे काही हवेतलं नाही: २०१७ मध्ये १७ देशांतले २६ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात सतत सोबत असलेल्या बायकांची सिझेरियन कमी झालेली दिसली. पण डोनाचा नियम असा की डूलाने आईच्या वतीने बोलायचं नाही. नियम चुकीचा नाही. मात्र दोन दिवसांत तो पाठ होतो, त्याच्या आत राहून काय करायचं ते कळत नाही.

डूला म्हणून मी गेले त्या दुसऱ्याच बाळंतपणाची गोष्ट. बाळ होऊन चार तास झालेले. बाळंतीण म्हणाली डोकं फुटतंय, डोळ्यांसमोर काजवे चमकतायत. नर्स दारातूनच म्हणाली, थकवा आहे, झोप काढ. मी कोपऱ्यात जाऊन एका ज्येष्ठ ब्लॅक डूलाला फोन लावला. ती म्हणाली, "तू बोलू नकोस, तिला बोलायला लाव." मी परत येऊन, नर्स आत असताना, मुद्दाम मोठ्याने विचारलं, "डोळ्यांबद्दल मघाशी मला जे सांगितलंस, ते यांना सांगतेस? आणि रक्तदाब शेवटचा कधी मोजला ते विचारूया का?" मोजला. १६८ वर ११०. पुढच्या दहा मिनिटांत खोली माणसांनी भरली.

हे वाक्य मला कार्यशाळेने दिलं नव्हतं, त्या फोनने दिलं. दुसऱ्या मार्गात असा फोन करता येणं शिक्षणातच धरलेलं असतं.

दुसरा मार्ग कृष्णवर्णीय बायकांनी उभ्या केलेल्या संस्थांचा. ब्रुकलिनची एन्शंट साँग, चनेल पोर्शिया-अल्बर्ट यांनी २००८ मध्ये सुरू केलेली. कॅन्सस सिटीचं उझाझी व्हिलेज, वॉशिंग्टनचं मामाटोटो व्हिलेज. (उझाझी म्हणजे स्वाहिलीत जन्म, मामाटोटो म्हणजे आई-बाळ. दासीपेक्षा बरं वाटतं ना?) शिकागोच्या हेल्थकनेक्ट वनचा नमुनाही याच जातीचा: डूला त्याच समाजातली हवी, गरोदरपणाच्या सुरुवातीपासून बाळ काही महिन्यांचं होईपर्यंत सोबत हवी, आणि तिला पगार आणि देखरेख मिळायलाच हवी. कंबर दाबणं इथेही शिकवतात. पण त्यासोबत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्या जुन्या ब्लॅक सुईणींची आठवण असते, ज्यांना विसाव्या शतकात कायद्यांनी आणि परवान्यांनी हळूहळू बाजूला सारलं. घर, रेशन, नोकरी, सगळ्याची चौकशी डूलाच्या कामातच धरलेली असते. गैरसोय अशी की जागा मोजक्या, अर्ज-मुलाखत, कधी देणगी आटली की तुकडीच निघत नाही. शनिवार-रविवारात आटपणारं हे काम नव्हे.

पैशांचं थोडक्यात. छोट्या कोर्सची फी खिशातून जाते, पण तारीख तुमच्या हातात. समाजातल्या संस्थांत काही वेळा फी माफ असते, पण बदल्यात काम करायचं बंधन असतं. कमाईचा खरा प्रश्न मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, कारण या कुटुंबांपैकी बऱ्याच जणी त्यावरच असतात. न्यू जर्सीत जानेवारी २०२१ पासून मेडिकेड डूलाचे पैसे देतं, कॅलिफोर्नियात जानेवारी २०२३ पासून. न्यूयॉर्क शहरात एका बाळंतपणाचे, आठ भेटी धरून, जास्तीत जास्त १५०० डॉलर. कॅलिफोर्निया १६ तासांचं शिक्षण आणि तीन बाळंतपणं मानतं, मिनेसोटात राज्याने मान्य केलेल्या संस्थांचंच प्रमाणपत्र चालतं. म्हणून फी भरण्याआधी आपल्या राज्याला कुठलं शिक्षण चालतं ते बघा. सुंदर प्रमाणपत्र भिंतीवर लावून नोंदणीसाठी पुन्हा फी भरणारी मी एक पाहिलीय.

आता अवघड भाग, जो मी तिला चहा थंड होईपर्यंत टाळत होते. समाजातल्या संस्थांचं पहिलं तत्त्वच "आमच्यातली हवी" हे आहे. आपण त्यांच्यातल्या नाही. रंग सावळा म्हणून कुणी होत नाही, आणि हे मी पहिल्या महिन्यातच तोंडघशी पडून शिकले. माझं मत असं: संस्था बाहेरच्यांना घेते का हे सरळ विचारावं. घेत नसेल तर राग न धरता छोटा कोर्स करावा आणि एखाद्या ब्लॅक डूलाची बदली म्हणून काम मागावं. तिच्या दोन बायकांना एकाच रात्री कळा सुरू झाल्या की तिला कुणीतरी लागतंच, आणि शिकणं तिथेच होतं. घेत असेल, आणि सवड असेल, तर दुसरा विचार करू नये.

तिने तिथेच चारपैकी दोन कोर्स बंद केले. उरलेल्यांपैकी एकाच्या अर्जात, तुम्ही या समाजाशी कशा जोडलेल्या आहात, असा रकाना आहे. काल फोन आला होता. तो रकाना सोडून बाकी सगळा अर्ज भरून झालाय म्हणाली.