रीड अलाँग: वाचनाची भीड मोडते, संभाषणाची नाही

मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीला इंग्रजीच्या लेखी परीक्षेत चांगले गुण पडतात. वर्गात उभे राहून बोलायची वेळ आली की मात्र ती वाक्य निम्म्यावर सोडून बाकावरच्या मैत्रिणींचे चेहरे पाहू लागते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, तरीही ही भीड अनेक घरांत ओळखीची असेल. त्यावर उपाय म्हणून आम्ही गूगलचे ‘रीड अलाँग’ हे मोफत ॲप वापरून पाहिले.

भारतात २०१९ मध्ये ‘बोलो’ या नावाने आलेले हे ॲप पुढील वर्षी नव्या नावाने अनेक भाषांत उपलब्ध झाले आणि त्यात मराठी गोष्टीही आहेत. मूल पडद्यावरची गोष्ट मोठ्याने वाचते, ‘दिया’ नावाची सोबतीण ते ऐकते, अडलेल्या शब्दावर बोट ठेवले की त्याचा उच्चार ऐकवते आणि नीट वाचल्याबद्दल तारे देते. गोष्टी आधी उतरवून घेतल्यास इंटरनेट लागत नाही, जाहिराती नाहीत, ही खेडेगावातील पालकांच्या दृष्टीने मोठीच सोय म्हणायची.

ॲपचे खरे बळ मला वेगळ्याच गोष्टीत दिसले. परभाषेच्या वर्गातील भीती मोजण्यासाठी भाषाशिक्षणाच्या संशोधक हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ३३ विधानांची जी मापनश्रेणी मांडली, तिच्यात आपण बोललो तर इतर मुले हसतील, ही धास्तीही नोंदलेली आहे. दियासमोर हसणारे कोणीच नसते. ‘नाइफ’ हा शब्द ‘क्नाइफ’ असा वाचून झाल्यावर पुतणीने स्वतःच त्यावर बोट ठेवले, उच्चार ऐकला आणि न ओशाळता वाक्य पुन्हा वाचले. शाळेत हे घडले असते, असे मला वाटत नाही.

मर्यादा मात्र स्पष्ट आहे. येथे वाक्ये आयती मिळतात. समोरच्याचा प्रश्न समजून घेऊन स्वतःचे वाक्य जुळवण्याचा सराव या वाचनातून होत नाही, आणि मुलांची खरी गाळण उडते ती तेथेच. म्हणून गोष्ट संपल्यावर घरातील कोणीतरी त्याच गोष्टीवर इंग्रजीत दोन-चार प्रश्न विचारावेत, आणि उत्तर पुरे होईपर्यंत चूक दुरुस्त करण्याचा मोह आवरावा. तिसरी ते सातवीच्या मुलांसाठी मी हे ॲप निःसंकोच सुचवीन; नववी-दहावीच्या मुलांना यातील गोष्टी बालिश वाटण्याचा संभव आहे.