इमिग्रेशनचं काम कुणाकडे द्यावं? कंपनीचा वकील, स्वतःचा वकील, संस्थेतला प्रतिनिधी आणि ‘कन्सल्टंट’

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली, की पुढची सोय करायला किंवा देश सोडायला हाताशी जास्तीत जास्त ६० दिवस उरतात. आय-९४ची, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवरच्या मुक्कामाची, तारीख त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलंत तर तासाभरात चार नंबर येतील आणि प्रत्येकासोबत ‘आपलाच माणूस आहे’ ही शिफारसही. माणूस आपला असेलही, पण त्याच्याकडे परवाना आहे का, हे आधी बघायला हवं. इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार तिथे दोघांनाच आहे: कुठल्यातरी राज्याचा वैध परवाना असलेला वकील, किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या ना-नफा संस्थेतला मान्यताप्राप्त प्रतिनिधी.

कंपनीचा वकील एच-१बी आणि ग्रीन कार्डच्या पर्मसाठी, म्हणजे कंपनीने श्रम खात्याकडून आधी घ्यायच्या प्रमाणपत्रासाठी, योग्यच. पर्मच्या टप्प्यावर त्याची फी कंपनीनेच भरायची असा नियम आहे. ती तुमच्याकडून मागितली तर देऊ नका. मात्र तो नेमका कुणाचा वकील आहे, हे जी-२८ या फॉर्मवर कळतं. त्यात अशील म्हणून फक्त कंपनीचं नाव असेल, तर नोकरी गेल्यावर तो तुमची बाजू घेईल ही अपेक्षा धरू नका. चांगल्या काळातच आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याची सरकारी नोटीस) आणि आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) याच्या मंजुरीची प्रत मागून ठेवा.

कपात झाली, नवऱ्या-बायकोच्या व्हिसाचा गुंता झाला, कधीकाळी अटक झाली असेल किंवा इमिग्रेशन कोर्टाची नोटीस आली, तर स्वतःचा वकील हवाच. इथे पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे. निदान एका बैठकीची फी भरून सल्ला घ्या. हा कायदा केंद्राचा असल्याने न्यू जर्सीत राहून टेक्सासचा परवाना असलेला वकीलही चालतो. फक्त त्याचं नाव टेक्सासच्या बारच्या, म्हणजे तिथल्या वकील संघटनेच्या, वेबसाइटवर शोधायचं. परवाना चालू आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे तिथे फुकटात दिसतं. फीचा करार लेखी घ्या. ‘काम होणारच, माझी गॅरंटी’ म्हणणाऱ्या वकिलाकडून उठून या.

नागरिकत्वाचा अर्ज, ग्रीन कार्डचं नूतनीकरण, आई-वडिलांची पिटिशन अशा कामांना मान्यताप्राप्त प्रतिनिधी उत्तम, आणि आपल्या लोकांना तो माहीतच नसतो. फी नाममात्र असते, कधी नसतेच. राज्यवार यादी न्याय खात्याच्या वेबसाइटवर आहे. अंशतः मान्यता असलेल्याला कोर्टात उभं राहता येत नाही, पूर्ण मान्यता असलेल्याला येतं. एच-१बीसाठी मात्र इथे जाऊ नका.

आता कन्सल्टंट. देशी वस्तीत तिकीट, टॅक्स, नोटरी आणि इमिग्रेशन एकाच पाटीवर दिसतात. आपल्याकडे नोटरी हा सहसा अनुभवी वकील असतो, म्हणून आपण चटकन विश्वास टाकतो. अमेरिकेतला नोटरी मुळात सहीचा साक्षीदार. कॅलिफोर्नियात इमिग्रेशन कन्सल्टंटचा धंदा करायला १,००,००० डॉलरचा बॉंड (हमीपत्र) द्यावा लागतो, तरीही त्याने तुम्ही सांगाल ते लिहायचं किंवा भाषांतर करायचं. कोणता फॉर्म भरायचा हे सांगायचा अधिकार त्याला नाही. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे ‘वर्क परमिट काढून देतो’ म्हणत गुपचूप आश्रयाचा खोटा अर्ज टाकणं. तो फेटाळला गेला की थेट देश सोडायला लावण्याचा खटला उभा राहू शकतो, आणि जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचं ठरलं तर पुढचे इमिग्रेशनचे लाभ कायमचे बंद. सही तुमची असते, त्यामुळे भोगायचंही तुम्हालाच. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. फॉर्म भरून देणाऱ्याचा रकाना असतो. तिथे नाव घालायला तो टाळाटाळ करत असेल, तर कागद उचला आणि निघा.

‘अर्ज गेला’ या शब्दावर राहू नका, पावती क्रमांक मागा. बहुतेक अर्जांना तो मिळतो: तीन अक्षरं आणि दहा अंक. यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर तो टाकला की अर्ज कुठे पोचलाय ते दिसतं. वेबसाइटचा पत्ता डॉट गव्हने संपतो का, तेही बघा. फॉर्म तिथे फुकट मिळतात. ग्रीन कार्ड लॉटरी लागल्याचा ईमेल आला तर उघडूही नका. भारतात जन्मलेल्यांना ती लॉटरी लागू नाही. अपवाद आहे तो प्रामुख्याने जोडीदार किंवा आई-वडील दुसऱ्या देशात जन्मले असतील तर. आणि फोनवर गिफ्ट कार्डाने दंड भरायला सांगणारा माणूस सरकारी नसतो.

कागद आधीच अशा कन्सल्टंटच्या हातात गेले असतील, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. यूएससीआयएसकडे तुमच्या नावाची फाइल माहिती अधिकाराखाली ऑनलाइन मागवता येते. तुमच्या नावावर नेमकं काय दाखल झालंय ते त्यात दिसेल. ती यायला वेळ लागतो, म्हणून मागणी आजच टाका, आणि फाइलची वाट न बघता हाताशी असतील तेवढे कागद घेऊन वकील गाठा.