बटण चालू आहे, पण व्हिडिओ डीकोड कोण करतंय?

ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये हार्डवेअर अॅक्सिलरेशन (जड काम ग्राफिक्स चिपकडे सोपवण्याची सोय) चालू दिसलं की आपण निर्धास्त होतो. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही काही महिने बारकाईने वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: ते बटण म्हणजे नुसती परवानगी. व्हिडिओ ग्राफिक्स चिप डीकोड करणार (म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणार) की सगळा भार प्रोसेसरवर पडणार, हे कोडेकवर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीवर, आणि ती तुमच्या चिपला येते का यावर ठरतं.

माझा लॅपटॉप इंटेलच्या आठव्या पिढीचा. एच.२६४ आणि व्हीपी९ हे कोडेक त्याची चिप आरामात हाताळते, एव्ही१ हा कोडेक तिला येतच नाही. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये ती सोय २०२० साली, अकराव्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरपासून आली. यूट्यूब मात्र बरेच व्हिडिओ एव्ही१ मध्येच पाठवतं. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलं की कोडेकच्या ओळीत ‘एव्ही०१’ दिसायचं. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) ‘व्हिडिओ डीकोड’ आलेख तळाला टेकलेला, सीपीयूचा (प्रोसेसरचा) चढलेला, आणि पंखा घोंघावतोय. १०८०पी६० ला (१०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम्स) ड्रॉप्ड म्हणजे गाळलेल्या फ्रेम्सचा आकडा डोळ्यांदेखत वाढायचा.

फायरफॉक्सच्या अबाउट:कॉन्फिगमध्ये (अॅड्रेस बारमध्ये हेच टाइप केल्यावर उघडणारं प्रगत सेटिंग्जचं पान) ‘मीडिया.एव्ही१.एनेबल्ड’ फॉल्स, म्हणजे बंद, केलं आणि पान रीलोड केलं. तोच व्हिडिओ ‘व्हीपी०९’ मध्ये आला, डीकोडचा आलेख हलला, पंखा शांत झाला. बॅटरीही जास्त टिकायला लागली. एवढ्या छोट्या बदलात एवढा फरक मला दुसऱ्या कुठल्याच सेटिंगने दिलेला नाही. एव्ही१ फाइल लहान ठेवतं, त्यामुळे ते बंद केल्यावर डेटा थोडा जास्त जातो, हे मात्र लक्षात असू द्या. आणि तुमच्या चिपला एव्ही१ येत असेल तर यातलं काहीही करू नका.

क्रोममध्ये एव्ही१ अडवायला एक्स्टेन्शन लागतं. ते जपून निवडा. काही एक्स्टेन्शन्स व्हीपी९ सुद्धा अडवून थेट एच.२६४ वर आणतात, आणि यूट्यूबवर एच.२६४ मध्ये १०८०पीच्या वर काही मिळत नाही.

लिनक्सवर व्हीए-एपीआयचा (ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओ डीकोड करून घेण्याच्या सोयीचा) ड्रायव्हर बसलाय का, ते आधी टर्मिनलमध्ये ‘व्हीएइन्फो’ ही कमांड चालवून बघा.

हिरव्या रेघा किंवा लुकलुक दिसली तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. लोक लगेच मुख्य बटणच बंद करतात, मग पानं स्क्रोल करतानाही अडखळायला लागतात. फायरफॉक्समध्ये ‘मीडिया.हार्डवेअर-व्हिडिओ-डीकोडिंग.एनेबल्ड’ फॉल्स करून फक्त व्हिडिओपुरतं बंद करता येतं. बाकी पानाचं काम जीपीयूकडेच राहतं.