बीओपीची तपासणी: उत्पादकाचा दाखला की त्रयस्थाची पडताळणी?

बीओपी (ब्लोआउट प्रिव्हेंटर) म्हणजे तेलविहीर अनियंत्रित उसळू नये म्हणून तिच्या तोंडावर बसवलेला झडपांचा संच. त्याबाबत उत्पादकाचा दाखला लवकर मिळतो आणि भागांची मापे, धातूची प्रत, कारखान्यातील दाबचाचणी यांबाबत तो भक्कम असतो. पण तो उपकरणाविषयी बोलतो, तुमच्या विहिरीविषयी नाही. मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेची बीएसईई ही नियामक संस्था म्हणूनच स्वतंत्र त्रयस्थाची पडताळणी मागते.

खरा फरक ब्लाइंड शिअर रॅममध्ये, म्हणजे पाइप कापून विहीर बंद करणाऱ्या पात्यांमध्ये दिसतो. कारखान्यात पाइप कापला गेला, एवढ्यावर थांबू नका. त्रयस्थ नेमका तुमचा ड्रिल पाइप घेतो: व्यास, भिंतीची जाडी, पोलादाची ग्रेड. मग विहिरीतील कमाल अपेक्षित दाब धरून कातरण्याचा दाब नव्याने काढतो, कारण तो दाब पिस्टनला मागे रेटतो. खोलीवर अ‍ॅक्युम्युलेटरमधले, म्हणजे रॅम चालवणारे द्रव दाबाखाली साठवणाऱ्या टाकीमधले, वापरण्याजोगे द्रवही घटते. हे गणित चुकू शकते. पाइप मध्यभागी नसेल तर पाती त्याला पूर्ण पकडत नाहीत. 2010 मध्ये डीपवॉटर होरायझन या तेल-खोदाई रिगच्या दुर्घटनेत पाइप वाकून बाजूला सरकला होता, शिवाय बीओपीला आदेश देणाऱ्या कंट्रोल पॉडमधल्या सोलेनॉइडची (विजेने चालणाऱ्या झडपेची) वायरिंगही उलटी होती. असा दोष कागदावर सापडत नाही. सोलेनॉइडची प्रत्येक कॉइल स्वतंत्रपणे चालवून पाहावी लागते.

दर 5 वर्षांनी सुटे भाग उघडून होणाऱ्या मोठ्या तपासणीतही त्रयस्थ हजर हवा. वेळ जास्त जातो, हे खरे. तरी समुद्रतळावरच्या बीओपीसाठी आमची पसंती त्रयस्थालाच; उत्पादकाची कागदपत्रे मात्र त्याच्या हाती आधीच द्यावीत.