रेनॉक्स डीसीआर-२५०: टेलिझूमच्या तोंडावर बसणारं मॅक्रो भिंग

फुलं, किडे आणि थेंब टिपायचे म्हणून मॅक्रो लेन्स घ्यायला निघालेल्याला एकच विचारावं: तुमच्याकडे ५५-२५० किंवा ७०-३०० मिमी जातीची टेलिझूम (दूरचं जवळ आणणारी लेन्स) पडून आहे का? असेल तर मॅक्रो लेन्सचा खर्च वर्षभर पुढे ढकला आणि रेनॉक्सचं डीसीआर-२५० घ्या. नुसती कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ किट लेन्स असेल तर हे भिंग तुमच्यासाठी नाही. कारण पुढे आकड्यांत येईलच.

जपानी बनावटीचं हे भिंग मूठभरही नाही. शक्ती ८ डायऑप्टर (चष्म्याच्या नंबराचंच एकक). आत तीन काचा दोन गटांत बसवल्या आहेत. फिल्टरसारखी दिसणारी +१, +२, +४, +१० ची स्वस्त पाकिटं मिळतात, त्यांत एकेकच काच असते. तिच्यातून दवाच्या थेंबाच्या कडेला जांभळी-हिरवी झालर येते आणि पांढऱ्या पाकळीची धार विरघळल्यासारखी दिसते. रेनॉक्समध्ये ही झालर जवळजवळ नसते. पैसे त्याचेच मोजायचे.

मागची चूडी (फिरवून बसवायचे आटे) ४३ मिमीची, पुढची ४९ ची. सोबत एक चिमटा-अडॅप्टर येतो. दोन्ही बाजूंची बटणं दाबायची, लेन्सच्या तोंडात बसवायचा आणि सोडायचा. ५२ ते ६७ मिमी फिल्टर-व्यासाच्या लेन्सवर तो बसतो. कॅननच्या ५५-२५० एसटीएमचा व्यास ५८, म्हणजे काही अडचण नाही. सोनीच्या ५५-२१० चा ४९ आहे, तिथे आधी ४९-५२ ची स्टेप-अप रिंग (व्यास वाढवणारी कडी) लागेल.

आता आकडे. ८ डायऑप्टर म्हणजे १२५ मिमी नाभीय अंतर (फोकल लेंग्थ). लेन्सचा फोकस अनंतावर (सर्वांत दूरच्या टोकाला) ठेवून हे भिंग लावलं की विवर्धन, म्हणजे सेन्सरवर विषय खऱ्या आकाराच्या किती पट पडतो ते, काढायचं सूत्र सोपं: लेन्सचं नाभीय अंतर भागिले १२५. झूम १०० ला ०.८ पट, १५० ला १.२, २०० ला १.६, २५० ला पूर्ण दुप्पट. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी २२.३ मिमी, म्हणजे दुपटीला चौकटीत फक्त ११ मिमी रुंदी मावते. आंब्यावरची मोठी लाल मुंगी त्यात कशीबशी बसते. १८-५५ च्या ५५ ला हेच गणित ०.४४ वर अडकतं. पाऊण-एक पट विवर्धन नाही तर एवढा खटाटोप कशासाठी? टेलिझूमवरसुद्धा साधारण १०० मिमीच्या खाली आलात की चौकटीचे कोपरे काळे पडतात. भिंगाचा व्यास लहान आहे, त्याला इलाज नाही.

एक्स्टेन्शन ट्यूबशी (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणाऱ्या बिनकाचेच्या नळीशी) तुलना हमखास होते, म्हणून तीही करू. १२, २० आणि ३६ मिमीच्या तिन्ही नळ्या जोडल्या तर ६८ मिमी होतात. २५० मिमी लेन्सवर त्यांनी विवर्धन वाढतं ६८ भागिले २५०, म्हणजे जेमतेम पाव पट. तिथे रेनॉक्स दोन पट देतं. ५० मिमीच्या प्राइम (बिनझूमच्या) लेन्सवर मात्र फासे उलटे पडतात: नळ्यांनी १.३६ पट, रेनॉक्सने ०.४. लांब लेन्सला भिंग, आखूड लेन्सला नळी. दुकानदार दोन्ही एकदम गळ्यात मारायला बघतो, त्याची गरज नाही.

फोकस कसा करायचा

झूम कितीही असो, फोकस अनंतावर असेल तर विषय भिंगापासून साधारण ११ ते १२ सेंटिमीटरवरच स्पष्ट दिसतो. फोकस रिंग अगदी जवळच्या टोकाला नेली तरी हे अंतर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरनेच बदलतं. त्यामुळे ऑटोफोकस इथे भिरभिरत राहतो. मॅन्युअलवर जा, रिंग विसरा आणि कॅमेराच मागे-पुढे करा. एसटीएमसारख्या लेन्सवर अंतराचं मोजमाप छापलेलं नसतं. तिथे युक्ती अशी: भिंग लावण्याआधी दूरच्या इमारतीवर ऑटोफोकस करा, स्विच मॅन्युअलवर सरकवा, मग भिंग चढवा. अशा लेन्सवर फोकस मोटरने चालतो. कॅमेरा बंद केला किंवा झोपी गेला की तो जागेवरून हलू शकतो, म्हणून ऑटो पॉवर-ऑफची वेळ वाढवून ठेवा.

नवशिक्या हातात आल्या आल्या झूम २५० वर नेतो आणि चाळीस फोटोंत एक मुंगी धड मिळत नाही. दोष भिंगाचा नाही. दुपटीला एफ/११ वर (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान) स्पष्ट दिसणारी खोली सुमारे ०.११ मिमी, म्हणजे जेमतेम कागदाची जाडी. श्वास घेतला तरी तेवढं अंतर हलतं आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन पुढे-मागे होणारं डोलणं थांबवू शकत नाही. सुरुवात १५० मिमीला करा. १.२ पट आणि एफ/१६ वर तीच खोली ०.४५ मिमीच्या आसपास जाते, चौपट. उडी मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन डोळे आणि तोंडावरची लव एकाच फोटोत येण्याची शक्यता तिथे सुरू होते.

एफ/१६ म्हटल्यावर जाणकार नाक मुरडतील: विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) फोटो मऊ पडेल. मॅक्रो लेन्सवर तो आक्षेप बरोबर आहे. तिथे लेन्स लांबते, प्रकाश पसरतो आणि दुपटीला लावलेला एफ/११ प्रत्यक्षात एफ/३२ च्या आसपास वागतो. रेनॉक्समध्ये लेन्स अनंतावरच असते, त्यामुळे लावलेला एफ/११ हा एफ/११ च राहतो. प्रकाशही कमी होत नाही. म्हणून मॅक्रो लेन्सवाल्यांचे आकडे इथे उचलून लावू नयेत; दोन स्टॉप (छिद्राच्या दोन पायऱ्या) पुढे जायची मुभा आहे. उलट्या टोकाला, २५० मिमीवर एफ/५.६ ला लेन्सला ४५ मिमी व्यासाची खिडकी लागते आणि या भिंगाची मागची चूडीच ४३ ची. तिथे भिंगच आड येतं, कडा मऊ राहतात. एफ/८ पेक्षा लहान आकडा न लावणं शहाणपणाचं.

प्रकाश

एफ/१६ ला सावलीतल्या पानावर हातात कॅमेरा धरून नैसर्गिक प्रकाश पुरत नाही. फ्लॅश हवाच. कॅमेऱ्यावरचा पॉप-अप फ्लॅश लांब टेलिझूमच्या नळकांड्यावरून पलीकडे जातो आणि लेन्सची सावली थेट किड्यावर पडते. हॉट-शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत) बसणारा कोणताही मॅन्युअल फ्लॅश चालेल. गोडॉक्सचा टीटी३५० सारखा दोन पेन्सिल सेलवरचा छोटा हलका पडतो. शटर १/२००, आयएसओ २००, फ्लॅशची ताकद १/८ पासून सुरू करून खाली-वर करा. फ्लॅशची चमक सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरतीच असते, त्यामुळे हाताचा कंप आपोआप गोठतो.

खरं काम डिफ्यूजरचं, म्हणजे प्रकाश मऊ करणाऱ्या पडद्याचं. उघड्या फ्लॅशने बीटलच्या पाठीवर आणि थेंबावर पांढरा जळका ठिपका येतो, तो नंतर कशानेही जात नाही. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यात येणारा पातळ पांढरा फोमचा कागद ए४ एवढा कापा, एका बाजूला लेन्सचं तोंड जाईल एवढं भोक पाडा आणि तो फ्लॅशच्या तोंडापासून भिंगापुढे पाच-सहा सेंटिमीटर येईल असा कमानीसारखा वाकवून रबराने बांधा. प्रकाशाचा पृष्ठभाग किड्याच्या जितका जवळ आणि मोठा, तितकी सावली मऊ. १२ सेंटिमीटर अंतर इथे कामी येतं: डिफ्यूजर मध्ये घालूनही किडा दचकत नाही इतकी जागा उरते. बटर पेपर चालतो, पण पावसाळ्यात लोंबतो.

थेंब

थेंबात उलटं फूल दिसतं तो फोटो सगळ्यांना हवा असतो आणि बहुतेकांचा एकाच जागी फसतो. गोल थेंब स्वतःच भिंग आहे. पाण्याच्या गोलाने तयार होणारी प्रतिमा थेंबाच्या केंद्रापासून जवळजवळ एका व्यासाएवढी कॅमेऱ्याच्या बाजूला पडते. ३ मिमीचा थेंब असेल तर त्याची कड आणि आतलं फूल यांच्या फोकसमध्ये ३ मिमीचा फरक! अर्ध्या मिमीच्या खोलीत ते दोन्ही मावणं शक्य नाही. स्टँडवर कॅमेरा ठेवा, फुलाच्या प्रतिमेपासून थेंबाच्या कडेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या मिमीने सरकत सात-आठ फोटो घ्या आणि स्टॅकिंग करा, म्हणजे संगणकावर त्यांचे स्पष्ट भाग एकत्र जोडा. तेवढा व्याप नको असेल तर फोकस प्रतिमेवर ठेवा, कड थोडी मऊ राहू द्या. उलट केलंत तर थेंबात रंगीत चिखल दिसतो.

नुसतं पाणी फ्लॅशशेजारी फार टिकत नाही, ओघळतं. औषधांच्या दुकानातलं ग्लिसरीन निम्मं आणि पाणी निम्मं घ्या. थेंब सोडायला यू-४० ची इन्सुलिन सिरिंज सर्वांत हुकमी: तिच्यावरचं अर्धं युनिट म्हणजे ०.०१२५ मिली, साधारण ३ मिमीचा थेंब. एक युनिट सोडलं की साडेतीन मिमीच्या पुढे जातो आणि गवताच्या पात्यावर लोंबकळून नासपतीसारखा होतो. सुई वापरून झाल्यावर टोपण लावूनच टाका. मागचं फूल किती लांब ठेवायचं यालाही हिशेब आहे. फुलाचा व्यास आणि त्याचं अंतर सारखं असेल तर फूल थेंब पूर्ण भरतं. पण थेंबाच्या कडेला प्रतिमा ताणली जाते, म्हणून दीडपट अंतर बरं. १० सेंटिमीटरचा जरबेरा १५ सेंटिमीटरवर. जरबेऱ्याला उलटं-सुलटं कळत नाही, ऑर्किडला कळतं. ते मागे उलटं टांगा.

लहान थेंबांत हे भांडण आपोआप मिटतं. कासच्या पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर उगवणाऱ्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या केसांवरचे चिकट थेंब एक मिमीच्याही आतले असतात. एक पट आणि एफ/१६ वर ०.६ मिमी खोली मिळते, त्यात केस, थेंब आणि आतली चमक सगळं बसतं. झूम १२५ वर ठेवा, बस. शेजारची सीतेची आसवंही याच विवर्धनात चौकट निम्मी भरतात. या फुलांसाठी पठारावर आडवं पडायचं नाही. वाटेच्या कडेला जेवढी असतील तेवढ्यांवरच भागवायचं. फिरणारी स्क्रीन असलेला कॅमेरा तिथे अर्धं काम करतो.

किडे, आणि याची मर्यादा

मुंग्या, मावा, कोळी, अंडी, पानावर बसलेली छोटी माशी यांच्यासाठी डीसीआर-२५० उत्तम. फुलोरी माशी फुलात गुंतलेली असेल तर जमते. चतुर मात्र १२ सेंटिमीटरवर क्वचितच थांबतो, आणि नीलवंतासारखं १२-१५ सेंटिमीटर पंखविस्ताराचं फुलपाखरू ११ मिमीच्या चौकटीत काय दिसणार, पंखावरचे खवले फार तर. त्यांच्यासाठी याच कंपनीचं डीसीआर-१५० आहे: ४.८ डायऑप्टर, अंतर साधारण २० सेंटिमीटर, २५० मिमीला १.२ पट. बागेतली फुलं आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण सडपातळ किडे) हा मुख्य विषय असेल तर मी १५० च सुचवेन. पहाटे, ऊन चढण्याआधी गेलात तर २५० ने चतुरही मिळतो; अंगावर दव असेपर्यंत त्याला उडायची घाई नसते. किडा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करण्याचा सल्ला कुणी दिला तर तो माणूस टाळा.

कमकुवत भाग एकच, तो चिमटा. प्लास्टिकची नखं वापरून झिजतात, मग भिंग थोडं तिरकं बसतं आणि चौकटीची एक बाजू मऊ येऊ लागते. फोटो पाहून लोक काचेला दोष देतात. झाडीत फांदीचा धक्का लागला तर सगळंच सुटून पडतं. ५८ मिमीच्या लेन्सला ५८-४३ ची धातूची स्टेप-डाउन रिंग घ्या आणि भिंग थेट चूडीवर फिरवा. पटकन काढता येत नाही, पण घसरतही नाही. झूमचं तोंड फोकसबरोबर फिरत असेल तर डिफ्यूजर भिंगाला न बांधता फ्लॅशलाच बांधा.

पावसाळ्यात ओल्या पानाशी इतकं जवळ गेल्यावर काचेवर वाफ धरतेच. पुसायची घाई करू नका, दोन मिनिटं थांबा. घरी आल्यावर भिंग चिमट्यातून काढून, दोन्ही टोपणं उघडी ठेवून हवाबंद डब्यात निळ्या सिलिका जेलसोबत ठेवा. जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळं होईपर्यंत तापवा. ओलं भिंग टोपण लावून बॅगेत गेलं तर गणपतीपर्यंत काचेच्या आत बुरशीची जाळी दिसू लागते, आणि तीन काचांच्या गटात ती साफ करून घेण्यापेक्षा नवीन भिंग स्वस्त पडतं.