थेरपीसाठी वेगळी खोली की वर्गातच सोय?

शाळेत ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) आणि फिजिओथेरपीला जागा काढायची म्हटली की पहिला वाद यावरच होतो.

खोलीची बाजू भक्कम ठरते ती झोपाळ्यामुळे. थेरपीचा झोपाळा गोल फिरतो, तिरका जातो. त्याचा हूक फॉल्स सीलिंगला नाही, स्लॅबला किंवा तुळईलाच पक्का बसवावा लागतो, तोही मुलाच्या वजनाच्या कितीतरी पट भार गृहीत धरून. खाली जाड मॅट, चहूबाजूंनी मोकळी जागा. वर्गात हे जमणं कठीणच. शिवाय स्ट्रेचिंग करताना, कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा साचा) चढवताना मुलाला आडोसा हवा असतो.

पण पेन्सिल धरणं, बटण लावणं, डबा उघडणं? खोलीत जमलेलं वर्गात जमेलच असं नाही. अशा कामांना वर्गच बरा. पाय जमिनीला पूर्ण टेकतील आणि कोपर टेबलावर आरामात राहील अशी खुर्ची दिली, तरी लिहिताना होणारी ओढाताण कमी होते. जिन्याचा सराव तर खऱ्या जिन्यावरच हवा. वर्गात मोठी अडचण एकच: बाकीची मुलं टक लावून बघतात.

माझा कौल दोन्हींच्या मिश्रणाला. खोली लहान चालेल, पण व्हीलचेअर वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा सोडाच. आणि भिंतीतली कपाटं खर्चातून कापू नका. ती नसली की मोठे चेंडू, मॅट, वॉकर सगळं जमिनीवर येतं आणि बघता बघता खोलीचं गोदाम होतं.